मधल्या फाटकाची कडी

दर गुरुवारी बाजार उठला की फ्रान्समध्ये येऊन राहिलेली आम्ही इंग्रज मंडळी चौकातल्या कॅफेत जमतो. प्रेमानं भेटायला जमतो असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. आम्ही जमतो ते तक्रारी करायला. कोणाचा सेप्टिक टँक तुंबला, कोणाचं रहिवासाचं कार्ड कचेरीत अडकलं, धुराडं साफ करणारा माणूस यंदा खरंच आला की नुसताच ‘येतो’ म्हणाला. चांगला चहा कुठे मिळतो यावर तर आमच्यात दोन तट पडलेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. फ्रेंच माणसं आम्हाला कशी वाटतात हा विषयही असतोच. आम्ही त्यांना कसे वाटतो, हा मात्र कधी निघत नाही.

या टेबलावर हेदर पार्जिटरला फार मान होता. कारण तिच्याकडे फिर्मां लूस्तो होता. म्हणजे शेजारी. आमच्यातल्या कोणाचा पाइप फुटला की प्लंबरच्या विनवण्या करण्यात आठवडा जायचा आणि हेदर शांतपणे म्हणायची, “आमचा फिर्मां बघून गेला.” आम्ही जळायचो.

हेदर आणि तिचा नवरा डेस्मंड यांनी ओबिस्केर गावात घर घेतलं त्याला सहा वर्षं झाली. डोंगराच्या पायथ्याचं गाव, चर्चच्या वरच्या अंगाला मोजकी घरं. तिथे घरांना नावं असतात आणि माणसाला घराचं नाव चिकटतं. पार्जिटरांच्या घराचं नाव लाप्लास. डेस्मंडनं येताच दारावर ‘पार्जिटर’ अशी पितळी पाटी लावली, तरी गावानं त्याला ‘लाप्लासचा इंग्रज’च म्हटलं. मधे एक पायवाट सोडली की लूस्तोंचं घर. फिर्मां ऐंशीच्या पुढचा, त्याची बायको मारिनेत थोडी धाकटी. मूलबाळ नाही. लाप्लासची जुनी मालकीण गेली, तिच्या पुतण्यानं घर एजंटामार्फत विकलं आणि पॅरिसला निघून गेला. घराबरोबर आणखी काय काय विकलं जातंय हे त्यालाही माहीत नसावं, एजंटाला तर नव्हतंच.

पहिल्याच वसंतात पार्जिटरांच्या बागेत नाक धरून फिरायची पाळी आली. डेस्मंडला स्वच्छतेची फार हौस. तो संडासात रोज ब्लीच ओतायचा. फिर्मां कोणी न बोलावता आला, सेप्टिक टँकचं झाकण उचललं, आत डोकावला आणि पोट धरून हसला.

“साहेब, आतली बिचारी जंतुमंडळी सगळी मारून टाकलीत की हो! ती होती म्हणून तुमचं चाललं होतं.”

आणि स्वतःच्या टाकीतली बादलीभर घाण आणून त्यानं आत ओतली. “हे घ्या विरजण,” म्हणाला. पैसे विचारले तर मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला आणि गेला.

असंच सगळं. हिवाळ्याआधी तो पार्जिटरांच्या पडवीत लाकडं रचून द्यायचा, कारण डेस्मंडनं ओली लाकडं घेतली होती आणि वर ती आडवीतिडवी रचली होती. मारिनेत टोपलीत अंडी घेऊन यायची. दोघंही पायवाटेनं यायची ती थेट स्वयंपाकघरात. दार वाजवायचं नाही, हाक नाही. यायचं, खुर्ची ओढायची, बसायचं. एकदा हेदर टॉवेल गुंडाळून चहा करत होती आणि मागे बघते तो फिर्मां टेबलाशी बसून वर्तमानपत्र चाळतोय. तिनं किंकाळी फोडली. त्यानं मान वर करून “थंडी वाजेल हं तुला,” एवढंच म्हटलं.

त्या आठवड्यात डेस्मंडनं पायवाटेवर फाटक बसवलं. कारण सांगितलं ते कुत्र्याचं. लूस्तोंच्या कोंबड्यांमागे लागतो म्हणून. कुत्रा म्हातारा, त्याला जिना चढवत नव्हता. फाटक ओकच्या लाकडाचं, उंच, आणि लोखंडी कडी आतून, म्हणजे पार्जिटरांच्या बाजूनं. फिर्मां पलीकडून आला, फाटकावर हात फिरवला, “लाकूड चांगलंय,” म्हणाला. त्या दिवसापासून दोघं नवराबायको रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दाराला येऊ लागली, घंटी वाजवून. “बघा, समजूतदार आहेत की नाही,” हेदरनं आम्हाला कॅफेत सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. जरा गोडीनं, न दुखावता सांगितलं की फ्रेंच माणसालाही कळतं, असं काहीतरी मी बोलले असेन. आठवलं की आता कानशिलं तापतात.

गेल्या फेब्रुवारीत फिर्मां आजारी पडला. थंडीनं धरला होता, मग छातीत उतरलं. नर्सची गाडी रोज यायची. हेदर खिडकीतून बघायची आणि हळहळायची. भेटायला जावं असं तिच्या रोज मनात यायचं आणि रोज डेस्मंड म्हणायचा, “अगं, आजारी माणसाच्या घरी गर्दी करू नये. लागलं तर सांगतील.”

मंगळवारी पहाटे हेदरला जाग आली. बाहेर काहीतरी खडखडलं. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं, थांबून पुन्हा एकदा.

“डेस, फाटक वाजतंय.”

“वारा असेल. झोप.”

वारा नव्हता. पण अंथरूण ऊबदार होतं आणि फरशी गार. हेदर झोपली.

सकाळी चर्चची घंटा सावकाश वाजू लागली तेव्हा दोघांना कळलं. फिर्मां गेला. हेदर रडली, मनापासून रडली, ते मी खोटं म्हणणार नाही. मग दोघांनी आमच्याकडे असल्या वेळी जे करतात ते सगळं केलं. रस्त्याकडच्या खिडक्यांचे पडदे ओढले. रेडिओ लावला नाही. डेस्मंडनं झाडं छाटायचं यंत्र काढलं होतं ते परत ठेवून दिलं, आवाज नको म्हणून. हेदरनं लिलीच्या फुलांचं एक सुरेख कार्ड शोधून काढलं, त्यावर दोघांनी लिहिलं आणि मारिनेतच्या टपालपेटीत हळूच सरकवलं. दार वाजवलं नाही. दुःखात असलेल्या बाईला कोणासमोर उभं राहायला लावू नये. मग तिनं फ्रूटकेक केला आणि तो कागदात बांधून फाटकाच्या खांबावर ठेवून आली. कडी काढली नाही, नुसता हात वर करून ठेवला.

“तिच्या धुराड्यातून धूर नाही,” दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

“कोणा नातेवाइकाकडे गेली असेल.”

“बिचारी. बरं झालं, एकटी नाही.”

तिसऱ्या दिवशीही धूर नव्हता.

अंत्यविधी शुक्रवारी होता. मी खालच्या गावाहून निघाले होते, पण बर्फामुळे माझी गाडी हळू चालत होती, म्हणून पोचायला उशीर झाला. पार्जिटर मात्र वेळेच्या बरेच आधी तयार. डेस्मंडनं काळा कोट घातला, हेदरनं लग्नातली मोत्यांची माळ घालून पुन्हा काढून ठेवली. लूस्तोंच्या दारावरून जाणं बरं दिसणार नाही, म्हणून दोघं लांबच्या रस्त्यानं चर्चमध्ये गेली. सगळ्यात मागच्या बाकावर बसली. पुढची बाकं घरच्यांसाठी, नाही का?

चर्च रिकामं होतं. पाद्रीसुद्धा नव्हता. दोघं हात मांडीवर ठेवून बसली. घंटेचे टोले पडले आणि मधेच थांबले. कोणी येईना. डेस्मंडनं हळूच म्हटलं, “ही माणसं मेल्यावरसुद्धा उशिरा येतात.” हेदरनं त्याला कोपर मारलं, पण हसू तिलाही आलंच.

मग दार करकरलं आणि गास्तों पेरूले आत आला. लूस्तोंच्या पलीकडच्या बाजूचा शेजारी, आडदांड शेतकरी, जिभेला हाड नाही. टोपी हातात, बूट चिखलानं भरलेले.

“इथे काय करताय?”

“आम्ही... अंत्यविधीसाठी आलोय,” डेस्मंड उठून उभा राहिला.

“असं होय! मला वाटलं हवा खायला आलात. अहो साहेब, अख्खं गाव तिकडे अंगणात बर्फात उभं आहे तुमची वाट बघत! पाद्री उभा, शवपेटी उभी. क्रूस भिंतीला टेकवून ठेवलाय. तो कोणी घ्यायचा?”

“कोणी घ्यायचा?” डेस्मंडनं विचारलं. खरंच त्याला माहीत नव्हतं.

गास्तोंनं त्याच्याकडे पाहिलं, मग हेदरकडे. आधी त्याला वाटलं ही दोघं नाटक करतात. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो धपकन बाकावर बसला.

“देवा रे! तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?” आणि लगेच, “सांगायचं काय त्यात! ज्याचं त्याला ठाऊक असतं. लाप्लास म्हणजे लूस्तोंचा पहिला शेजारी. माणसं नव्हेत, घर. त्या घरात जो राहील तो. लूस्तोंकडे मयत झालं की लाप्लासनं धावायचं. पाद्रीला कळवायचं लाप्लासनं, घरोघर सांगायचं लाप्लासनं, क्रूस घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं लाप्लासनं. आणि चूल...” तो हेदरकडे वळला. “बाई, मयताच्या घरात घरची बाई चुलीला हात लावत नाही. ती चूल तुमची. तुम्ही पेटवायची, तुम्ही शिजवायचं, आल्यागेल्याला वाढायचं.”

हेदरला आठवलं. धूर नव्हता. तीन दिवस धूर नव्हता.

“ती... ती घरीच होती?”

“मग कुठे जाणार? कोट घालून बसलीय थंड स्वयंपाकघरात. माझी बायको पहिल्याच दिवशी गेली होती, म्हणाली, मी पेटवते. तर मारिनेतनं हात धरला तिचा. म्हणे, तू दुसरी शेजारीण. पहिलीचं काम तू केलंस तर लाप्लासची अब्रू जाईल, ती इंग्रजीण येईलच एवढ्यात. पाद्रीकडे मी गेलो, घरोघर मी सांगितलं, ते तेवढं तिनं चोरून करू दिलं. कोणी विचारलं तर तुमचं नाव सांगायचं अशी ताकीद दिली होती मला! चूल मात्र नाही. काल माझी बायको पुन्हा गेली, तेव्हा म्हणाली, बूट बदलत असेल ती, येईल.” गास्तोंनं टोपी डोक्यावर दाबली. “तीन दिवस बूट बदलत होतात का हो?”

ओबिस्केरच्या चर्चपासून लूस्तोंच्या घरापर्यंतचा रस्ता चढाचा आहे. मी तोवर पोचले होते आणि अंगणात शेवटच्या रांगेत उभी होते. पहिल्यांदा गास्तों दिसला, त्याच्यामागे ही दोघं. गर्दी दुभंगली. कोणी हसलं नाही. उलट माणसं एकेक करून डेस्मंडशी हस्तांदोलन करू लागली, जणू तो आत्ता, अगदी वेळेवर आला होता. मारिनेतनं तशी त्यांना सक्त सूचनाच दिली असावी. डेस्मंडचा चेहरा लालेलाल झाला होता. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं वाटत असणार. मी माझ्याच देशाची माणसं बघत होते आणि मान वर करायची सोय नव्हती. कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही पडदेच ओढले असते.

डेस्मंडनं क्रूस उचलला. जड होता, त्याचं कंबरेचं दुखणं जुनं. तो दारासमोर जाऊन उभा राहिला. पण निघायचं कसं? आधी चूल पेटायला हवी. घर सोडून मयत निघतं तेव्हा मागे चूल जळती हवी, अशी इथली रीत. सगळे धुराड्याकडे बघत उभे राहिले.

आत काय झालं ते हेदरनं मला नंतर सांगितलं.

मारिनेत टेबलाशी बसली होती. डोक्याला काळा रुमाल, अंगावर कोट, कोटावर फिर्मांचा कोट. ओठ निळे पडलेले. टेबलावर फ्रूटकेकचा उरलेला तुकडा. तीन दिवस तिनं गास्तोंच्या बायकोनं आणलेली कॉफी घेतली होती आणि हा केक खाल्ला होता. लाप्लासमधून आलेला म्हणून तो चालत होता.

हेदर दारातच उभी राहिली. तिनं रस्ताभर वाक्यं जुळवली होती. आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं तुम्हाला एकांत हवा असेल. आमच्याकडे असंच करतात. त्यातलं एकही वाक्य आता तोंडातून निघण्याच्या लायकीचं नव्हतं.

“आलीस?” मारिनेत म्हणाली. “ये, ये. हे आधी वाच बघू मला.”

तिनं कोटाच्या खिशातून कार्ड काढलं. लिलीच्या फुलांचं. “फुलं सुंदर आहेत. रोज बघते. पण लिहिलंय तुमच्या भाषेत, मला कळत नाही. गास्तोंलाही आलं नाही. म्हटलं, तू आलीस की वाचशील.”

हेदरनं कार्ड हातात घेतलं. वाचत वाचत तिनं फ्रेंचमध्ये सांगायला सुरुवात केली. आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत. फिर्मां आमचा फार चांगला मित्र होता. पुढची ओळ डेस्मंडच्या अक्षरात होती. तिथे ती अडखळली.

“पुढे?”

“काही लागलं...” हेदरनं कार्ड खाली घेतलं. “काही लागलं तर संकोच न करता सांगा.”

मारिनेतनं खोलीभर नजर फिरवली. त्या बाईनं टोमणा मारला नाही, हे हेदर मला पुन्हापुन्हा सांगते. तिनं अगदी साधेपणानं विचार केला, घरात काय आहे काय नाही याचा.

“लाकडं लागतील,” ती म्हणाली. “आमची संपली. फिर्मांला यंदा फोडायला जमलं नाही. तुमच्या पडवीतली आण, ती कोरडी आहेत.”

कोरडी असणारच. ऑक्टोबरमध्ये खोकत खोकत त्यानंच रचून दिली होती.

हेदर मागच्या दारानं धावली. पायवाटेनं गेलं की पडवी लगेच. अंगणातल्या सगळ्यांना ती वाट दिसत होती, मलाही. ती फाटकापाशी आली आणि ढकललं. उघडलं नाही. कडी पलीकडून. आपल्याच घराच्या फाटकाशी ती परक्यासारखी उभी राहिली. मग तिनं वरची फळी धरून जोरात हलवलं.

लोखंडावर लोखंड आपटलं. तिनं थांबून पुन्हा एकदा हलवलं. आणि तशीच फळीला धरून उभी राहिली, इतका वेळ की आम्हाला वाटलं तिला चक्कर आली. मला तेव्हा कळलं नाही. मंगळवारी पहाटे अंथरुणात ऐकलेला आवाज तिच्या हातात होता.

मग तिनं काळा स्कर्ट गुडघ्यावर ओढला आणि ती फाटकावर चढली. सहासष्ट वर्षांची बाई, गावासमोर, पाद्रीसमोर, शवपेटीसमोर. एक पाय अडकला, मोजा फाटला. पलीकडे ती पडल्याचा आवाज आला. कोणी मदतीला गेलं नाही. हे तिचंच काम होतं आणि ते तिलाच करू द्यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कडी निघाली, फाटक सताड उघडलं आणि ती लाकडं कवेत घेऊन आली. गुडघ्यातून रक्त येत होतं.

तिनं चुलीत लाकडं रचली. चुकीची रचली. मारिनेत बसल्या जागेवरून बोटानं दाखवत राहिली, हे इकडे, ते आडवं. हेदरनं काड्यांची पेटी हातात घेतली, पण काडी ओढवेना. ती मान खाली घालूनच म्हणाली,

“मारिनेतबाई, मंगळवारी पहाटे... तुम्ही आमच्या फाटकाशी आला होतात?”

“आले होते ना. तो नुकताच गेला होता. पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं असतं.” मारिनेतनं फिर्मांचा कोट गळ्याशी ओढून घेतला. “दोनदा हलवलं. मग म्हटलं, झोपला असाल. कशाला उगाच तुम्हाला त्रास.”

हेदरनं काडी ओढली. लाकडं चांगली वाळलेली होती, लगेच पेटली.